दिवसा नेमका, रात्री चुकलेला: जुन्या रेंजफाइंडरचा मंद उजेडातला फोकस

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. कॅमेरा याशिका इलेक्ट्रो ३५, कॅनोनेट, फेड नाहीतर झोर्की. हे सगळे रेंजफाइंडर: व्ह्यूफाइंडरच्या मधल्या उजळ ठिगळात, म्हणजे पॅचमध्ये, दोन प्रतिमा दिसतात आणि रिंग फिरवून त्या एक केल्या की फोकस लागतो. उन्हात काढलेले फोटो लख्ख, पण त्याच रोलवर रात्री घरात, गाभाऱ्यात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये काढलेले चेहरे धूसर. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र वाचता येतं. मग ‘अंधारात पॅच दिसलाच नाही’ असं कारण काढलं जातं आणि पॅच उजळ करायच्या युक्त्या शोधल्या जातात.

युक्त्या आहेत आणि त्या खाली दिल्या आहेत. पण पॅचच चुकीचं अंतर सांगत असेल, तर तो उजळ करून फक्त चुकीचं अंतर अधिक स्पष्ट दिसेल. अंधारात कॅमेरा बिघडत नाही. आधीचा बिघाड अंधारात उघडा पडतो. ४५ मिमीची लेन्स दीड मीटरवर एफ ८ ला, म्हणजे छिद्र (अॅपर्चर) बारीक करून, वापरली तर स्पष्टतेची खोली (पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो) जवळजवळ अर्धा मीटर मिळते. तीच एफ १.७ ला उघडली की ११ सेंमी उरते, म्हणजे पुढे-मागे साडेपाच. दहा सेंमीने चुकणारा रेंजफाइंडर दिवसा वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी लेन्स, मग रेंजफाइंडर, मग पॅचचा उजेड, शेवटी डोळा आणि सवयी. क्रम उलटा केला की एकच काम दोनदा करावं लागतं.

हात हलला की फोकस चुकला?

निगेटिव्ह भिंगाखाली बघा. चौकटीत कुठेतरी, शर्टाच्या बटणावर किंवा मागच्या खिडकीच्या गजावर, धार सापडली तर फोकस चुकलाय. कुठेच धार नाही आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसतात, तर हात हललाय. भिंत आणि फर्निचर स्पष्ट, फक्त माणूस धूसर असेल तर घाई करू नका: माणूसही हललेला असू शकतो. इलेक्ट्रो ३५ वर पिवळा दिवा लागला होता का ते आठवा. शटर १/३० सेकंदापेक्षा हळू जाणार असेल तेव्हाच तो लागतो. अशा फोटोंवरून रेंजफाइंडरचा निवाडा करू नका.

फोकसच चुकलाय हे नक्की झाल्यावर पुढचा प्रश्न: दर वेळी एकाच बाजूला चुकतो का? सगळ्या फोटोंत फोकस मागेच पडत असेल तर जुळणी सरकली आहे. कधी पुढे, कधी मागे पडत असेल तर कारण वेगळं: सैल लेन्स, चिकट लिव्हर, फिका पॅच किंवा डोळा. या एका प्रश्नावर निम्मं निदान होतं.

सैल लेन्स, चिकट लिव्हर

लेन्सची नळी दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फोकस रिंगला केसभर खेळ चालतो, पण आख्खी लेन्स बॉडीपाशी डुगडुगत असेल तर पुढची कुठलीच तपासणी भरवशाची नाही. न निघणाऱ्या लेन्सच्या जपानी कॅमेऱ्यांत याचं नेहमीचं कारण म्हणजे लेन्स मागून धरणारी रिंग किंवा पुढच्या पट्टीचे स्क्रू ढिले होणं. ते आधी आवळा.

मग एखाद्या उभ्या रेघेवर दोनदा फोकस करा, एकदा अनंताकडून (लेन्सवरचं सर्वांत दूरचं अंतर) जवळ येत आणि एकदा जवळून अनंताकडे जात. दोन्ही वेळा लेन्सवरचा अंतराचा आकडा सारखा यायला हवा. फरक पडत असेल तर हेलिकॉइडचं (लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांचं) ग्रीस वाळलंय किंवा लेन्सबरोबर पॅचमधली प्रतिमा सरकवणारा रेंजफाइंडरचा लिव्हर उशिरा मागे येतो. रिंग झटकन फिरवल्यावर पॅचमधली प्रतिमा क्षणभर मागे रेंगाळताना दिसली, तर लिव्हरच. त्याच्या खिळीवर सुईच्या टोकाने लायटरच्या पेट्रोलचा एक थेंब टाका आणि लिव्हर वीसेक वेळा हलवा. तेल घालू नका. ते पसरून आरशावर जातं. दुरुस्ती होईपर्यंत नेहमी एकाच दिशेने, अनंताकडून जवळ येत, फोकस करायची सवय ठेवली तर निम्मी चूक टळते.

फिल्मच्या जागी दूधी काच

लेन्स खरोखर कुठे फोकस करते हे पॅचला विचारू नका. फिल्मच्या जागी बघा. मागचं दार उघडून फिल्मच्या चौकटीवर दूधी काच ठेवायची. जुन्या एसएलआरचा फोकसिंग स्क्रीन सगळ्यात उत्तम. नसेल तर पातळ काचेच्या पट्टीवर ताणून लावलेली मॅट सेलोटेप. खरखरीत बाजू लेन्सकडे. चौकटीच्या वर-खाली पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात: आतली जोडी फिल्म टेकण्यासाठी, बाहेरची प्रेशर प्लेटसाठी. काच आतल्या जोडीवरच टेकली पाहिजे, म्हणून ती ३५ मिमीपेक्षा रुंद नको. बाहेरच्या पट्ट्यांवर बसली की प्रतिमा मिलिमीटरच्या दशांशाने सरकते, आणि एफ १.७ ला तेवढ्याने सगळं मोजमाप वाया जातं.

शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण), कुलूप असलेल्या केबल रिलीजने उघडं धरा. अॅपर्चर पूर्ण उघडा. इलेक्ट्रोमध्ये बॅटरी घालूनच हे करा. कॅमेरा ट्रायपॉडवर. समोर, फिल्मच्या पातळीपासून बरोबर दीड मीटरवर, जाड काळ्या रेघा असलेला कागद लावून त्यावर टेबललॅम्पचा झोत टाका. दूधी काचेवर दहापटीच्या भिंगातून बघत रिंग फिरवा आणि रेघ सर्वांत धारदार होईल तिथे थांबा. आता रिंगला हात न लावता व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. पॅचमधल्या दोन रेघा एक झाल्या असतील तर रेंजफाइंडर निर्दोष आहे. इथून सरळ फिक्या पॅचच्या भागाकडे जा. नसतील तर चूक किती आणि कुठल्या बाजूला, हे डोळ्यांसमोर आहे.

काच जमली नाही तर फिल्मवर करा, फक्त जास्त वेळ लागतो. फूटपट्टी कॅमेऱ्याशी ४५ अंशांत तिरकी ठेवा, १५ सेंमीच्या खुणेवर फोकस करा, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर तीन फोटो घ्या आणि प्रत्येक वेळी रिंग पूर्ण मागे नेऊन नव्याने फोकस करा. तिरक्या पट्टीवरचं ४ सेंमी म्हणजे प्रत्यक्ष खोलीत सुमारे २.८ सेंमी, हे मोजताना विसरू नका.

जुळणी: कुठला स्क्रू, कुठल्या क्रमाने

अनंतासाठी लक्ष्य दूर हवं. गल्लीच्या टोकावरचा खांब चालत नाही. निदान पाचशे मीटरवरचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी बघा. रात्री चंद्राची कड किंवा ठळक तारा याहून चांगलं लक्ष्य नाही. ताऱ्याचा एकच बिंदू असल्याने आडवी चूक आणि उभी चूक एकाच नजरेत कळते.

उभ्या चुकीकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तिने फोकस बदलत नाही. पण दोन प्रतिमा केसभर वर-खाली असल्या तर त्या कधीच एकजीव होत नाहीत आणि मंद उजेडात डोळा नेमका कुठे थांबायचं हे ठरवू शकत नाही. बहुतेक ‘फिके’ पॅच मुळात फिके नसतात, वर-खाली सरकलेले असतात.

फेड आणि झोर्कीच्या बहुतेक नमुन्यांत वरचं झाकण न काढता हे काम होतं. दर्शनी बाजूला, रेंजफाइंडरच्या छोट्या गोल खिडकीजवळ एक बारीक स्क्रू दिसतो. तो नुसतं बूच आहे. काढल्यावर आत अनंताचा खरा स्क्रू सापडतो. बारीक पेचकसने एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढंच फिरवा. उभ्या जुळणीसाठी छोट्या खिडकीच्या कडीमागे पाचरीसारखी काच असते. ती फिरवली की प्रतिमा वर-खाली जाते. त्यासोबत ती थोडी बाजूलाही सरकते, म्हणून आधी उभी जुळणी, मग अनंत. जवळच्या अंतराची चूक मात्र वेगळ्या जागी सुधारावी लागते. लेन्स काढल्यावर आत दिसणाऱ्या लिव्हरचं टोक लायकाच्या चाकासारखं नसून पाचरीच्या आकाराचं असतं. त्या टोकाचा कोन किंचित बदलला की १ मीटरची जुळणी बदलते, आणि अनंताची पुन्हा बिघडते. दोन्ही आलटून पालटून तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात. पहिल्याच फेरीत जमलं तर संशय घ्या.

न निघणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत सहसा वरचं झाकण काढावं लागतं. काहींमध्ये फ्लॅशच्या शूखाली जुळणीसाठी भोक ठेवलेलं असतं, ते आधी बघा. झाकणासाठी रिवाइंडचा नॉब (आतला काटा पेचकसने अडवून), वाइंडिंग लिव्हरची टोपी आणि कडेचे स्क्रू काढावे लागतात. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) पद्धतीचे असतात. साध्या फिलिप्स पेचकसने त्यांच्या खाचा खराब होतात. इलेक्ट्रो ३५ जीएसएनमध्ये हॉट शूची तार झाकणाला आतून जोडलेली असते, तेव्हा झाकण झटक्याने उचलू नका.

या कॅमेऱ्यांत अनंत आणि जवळचं टोक दोन्ही तंतोतंत जुळेलच असं नाही. अशा वेळी एक व्यवहारी तडजोड चांगली: रात्री माणसांचे फोटो ज्या अंतरावर काढता त्या दीड-दोन मीटरला, दूधी काचेच्या साक्षीने, पॅच जुळवून टाका. अनंताला तो जरा सरकलेला दिसेल. पण दूरचं दृश्य बहुधा दिवसा, एफ ८ ला काढलं जातं, आणि तेव्हा रिंग सरळ अनंताच्या थांब्याला टेकवली की काम भागतं. कारखान्याच्या जुळणीत असं करत नाहीत हे खरं. कॅमेरा पुढे विकायचा असेल तर तशी चिठ्ठी आत ठेवा.

सोव्हिएत लेन्स, लायकाची बॉडी

ज्युपिटर-८ किंवा ज्युपिटर-३ लायकाच्या स्क्रू माउंट बॉडीवर किंवा अॅडॉप्टर लावून एम बॉडीवर वापरणाऱ्यांची तक्रार वेगळ्या रांगेत ठेवा. इथे बिघाड काहीच नसतो. या लेन्सची रचना झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यांमधून आलेली आहे आणि त्या मापात ‘५० मिमी’ म्हणजे प्रत्यक्षात ५२.४ मिमी. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमी गृहीत धरतो. अनंताला दोघांचं जमतं. जवळ येत जाल तसं फाटतं. अनंत बरोबर जुळलेलं असेल तर १ मीटरवर प्रत्यक्ष फोकस सुमारे ३ सेंमी मागे पडतो. एफ १.५ ला तिथे स्पष्टतेची खोली जेमतेम ३ सेंमी, म्हणजे पुढे-मागे दीड. डोळ्यांवर फोकस करावा आणि कान स्पष्ट यावा, त्याचं गणित हे.

लेन्सखाली शिम (पातळ चकती) घालून किंवा काढून ही चूक एका अंतराला शून्यावर आणता येते, सगळ्या अंतरांना नाही. त्यातच सोनार रचनेच्या या लेन्स अॅपर्चर बंद करत जाल तसा फोकस मागे सरकवतात. म्हणून शिमचं माप एफ १.५ किंवा २ ला, म्हणजे ज्या अॅपर्चरवर रात्री वापरणार त्यालाच ठरवा. शिम न करता वापरायचं असेल तर पॅच जुळल्यावर, १ मीटरवर, शरीर तीन सेंमी मागे न्या. ओबडधोबड उपाय आहे, पण सरावाने साधतो.

पॅच फिका का पडतो

आता उजेडाचं. डोळ्यासमोर अर्धपारदर्शक आरसा तिरका बसवलेला असतो. समोरचं दृश्य त्यातून आरपार येतं आणि बाजूच्या खिडकीतली प्रतिमा त्यावरून परावर्तित होऊन येते. पॅच फिका पडतो तो तीन कारणांनी: काचांवर धुरकट थर, आरशाचा मुलामा उडणं, किंवा भलत्या दिशेचा उजेड आत शिरून सगळं पांढुरकं करणं.

धुरकट थर सर्वांत जास्त आढळतो आणि तो काढायला सर्वांत सोपा. झाकण उघडल्यावर खिडक्यांच्या काचा आणि आयपीस (डोळा लावायची काच) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या बडने, दोन्ही बाजूंनी पुसा. अर्धपारदर्शक आरशाला मात्र हात लावू नका. त्याचा मुलामा उघडा असतो आणि अनेक कॅमेऱ्यांत तो बडच्या एका फटकाऱ्यात निघून येतो. मग पॅच फिका राहत नाही, पार नाहीसा होतो. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा आणि तेवढ्यावर थांबता आलं तर थांबा. बुरशी असेल तर कोपऱ्यात अगदी छोट्या जागी डिस्टिल्ड वॉटरने ओला केलेला बड, दाब न देता, टेकवून बघा. बडवर चंदेरी किंवा सोनेरी डाग आला तर तिथेच सोडा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यातून गेलेल्या कॅमेऱ्यांत बुरशी लेन्सइतकीच इथेही सापडते. चोर बाजारातून घेताना लेन्स सगळेच बघतात. रेंजफाइंडरच्या छोट्या खिडकीत टॉर्च मारून कुणी बघत नाही.

मुलामाच गेला असेल तर आरसा बदलावा लागतो. जुन्या आरशाची जाडी व्हर्नियरने मोजा. साधारण १ मिमीच्या आसपास असते, पण मोजूनच घ्या. जाडी बदलली की प्रतिमा सरकते आणि जुळणीचा स्क्रू पुरत नाही. ५०:५० प्रमाणाचा बीम स्प्लिटर (अर्धा उजेड आरपार सोडणारा, अर्धा परावर्तित करणारा आरसा) त्या मापात कापून घ्या. मुलाम्याची बाजू जुन्यासारखीच, त्यासाठी काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन कोनांतून फोटो काढून ठेवा. चिकटवायला सुपरग्लू नको: त्याच्या वाफेने आजूबाजूच्या सगळ्या काचांवर पांढरी साय धरते. दोन घटकांचं एपॉक्सी, तेही कोपऱ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढं. एपॉक्सी घट्ट होण्यापूर्वी उभी जुळणी बघून घ्या. नंतर उपाय नाही.

तिसऱ्या कारणावर खर्च शून्य. ज्या कॅमेऱ्यांत चौकटीच्या चमकत्या रेघा असतात, त्यांत त्या रेघा उजळवणारी एक दूधी खिडकी समोर असते. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड तिच्यात शिरून पॅचवर पडदा पसरवतो. तिच्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून बघा. रेघा दिसेनाशा होतील, पण पॅच बऱ्याचदा लक्षणीय सुधारतो. आणि किएव्हवाल्यांनी (हा कॉन्टॅक्सवरून बनवलेला सोव्हिएत कॅमेरा) आधी आपलं बोट बघावं. कॉन्टॅक्ससारखाच ९० मिमीचा लांबलचक बेस (दोन खिडक्यांमधलं अंतर) असल्यामुळे त्याची दुसरी खिडकी नेमकी उजव्या हाताच्या बोटांखाली येते. पॅच ‘अचानक गेला’ या तक्रारीचं तिथे बहुधा हेच उत्तर.

काळा ठिपका आणि जिलेटिन पेपर

कॅमेरा न उघडता करायचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या समोरच्या काचेवर मधोमध एक काळा ठिपका. पॅचच्या जागी दोन प्रतिमा एकमेकींवर पडतात आणि बाजूच्या खिडकीतून येणारी नेहमीच फिकी असते. ठिपका समोरून येणारा उजेड नेमका तेवढ्या जागी कमी करतो, त्यामुळे दुसरी प्रतिमा उठून दिसते. ठिपका डोळ्याच्या इतका जवळ असतो की तो स्वतः दिसत नाही, फक्त मधे सावट आल्यासारखं वाटतं.

आधी काचेवर पारदर्शक सेलोटेप लावा, म्हणजे ठिपक्याचा गोंद काचेला लागत नाही. तिच्यावर २ मिमीचा काळ्या टेपचा गोल. आतून बघत तो पॅचवर येईपर्यंत सरकवा. कमी वाटला तर ३ मिमी करा. त्यापुढे जाऊ नका: समोरची प्रतिमा पूर्णच झाकली गेली तर जुळवायला दुसरं काही उरत नाही. दिवसा बाहुली लहान असताना हाच ठिपका जास्त झाकतो, म्हणून तो रात्रीपुरता लावायचा.

पॅच पिवळसर असेल तर आणखी एक युक्ती चालते. व्ह्यूफाइंडरच्या खिडकीवर फिकट निळ्या जिलेटिन पेपरचा तुकडा लावा. समोरचं दृश्य निळं, पॅच पिवळा. दोन कडा कुठे वेगळ्या आहेत हे रंगावरून कळतं. उजेड मात्र घटतो. ट्यूबलाइटच्या खोलीत फायदा होतो, समईच्या उजेडात तोटाच.

डोळ्याचं काम

चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना चष्म्याशिवाय पॅच धूसर दिसतो आणि दोष कॅमेऱ्यावर जातो. फेड-२ आणि झोर्की-४ मध्ये रिवाइंड नॉबपाशी डायॉप्टरचा (नजरेच्या नंबराप्रमाणे आयपीस जुळवणारा) लिव्हर असतो; कितीतरी वापरणाऱ्यांना तो कशासाठी आहे हेच माहीत नसतं. आधी दूरच्या रेघेवर तो जुळवा. इतर कॅमेऱ्यांत चष्मा लावूनच बघा, आयपीसच्या धातूच्या कडीवर पातळ रबरी रिंग चिकटवा, नाहीतर काच ओरखडते. डोळ्याभोवती तळहाताचा आडोसा केला तरी पॅचमध्ये फरक पडतो, कारण मागच्या दिव्याचा उजेड आयपीसवर पडायचा थांबतो.

यापुढची मर्यादा भूमितीची आहे. दोन खिडक्यांच्या मध्यांतलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन म्हणजे परिणामी बेस. फेड-२ चा ६७ मिमीचा बेस सुमारे ०.७५ ने गुणून ५० मिमी होतो. झोर्की-४ चा ३८ मिमीचा, पण मॅग्निफिकेशन जवळजवळ १, म्हणून ३८ च. १९५४ च्या लायका एम३ चा ६८.५ गुणिले ०.९१, म्हणजे सुमारे ६२. स्वतःच्या कॅमेऱ्याचा फूटपट्टीने मोजा. मॅग्निफिकेशनसाठी दोन्ही डोळे उघडे ठेवून दाराची चौकट बघा आणि आतली चौकट बाहेरच्या किती पट आहे याचा अंदाज घ्या.

बेस लागतो किती? चांगल्या उजेडात डोळा सुमारे एक कलेचा, म्हणजे ०.०००३ रेडियनचा फरक ओळखतो. त्याला फोकल लेंग्थच्या वर्गाने गुणा आणि अॅपर्चरचा आकडा गुणिले ०.०३ (फिल्मवर चालून जाणारा धूसरपणा, मिमीत) याने भागा. ४५ मिमी एफ १.७ ला १२ मिमी येतात. अंधारात नजर तीनपट ढोबळ झाली असं धरलं तर ३६. म्हणजे फेड-२ निवांत, झोर्की-४ काठावर. आता हेच ज्युपिटर-९ साठी करा, ८५ मिमी एफ २: दिवसाच ३६ मिमी, रात्री १०८. इतका बेस यांतल्या एकाही कॅमेऱ्यात नाही. ही लेन्स रात्री पूर्ण उघडून पॅचवर विसंबू नका. कितीही साफसफाई केली तरी फरक पडणार नाही.

अंधारात धरायला काहीतरी द्या

रेंजफाइंडर आडव्या दिशेने सरकतो, म्हणून त्याला उभी रेघ हवी: दाराची कड, चष्म्याची दांडी, साडीचा काठ. समोर फक्त आडव्या रेघा असतील तर कॅमेरा उभा धरून फोकस करा आणि परत आडवा करा. गालावर किंवा कपाळावर पॅच जुळवायचा प्रयत्न करू नका, तिथे जुळवण्यासारखं काही नसतं.

प्रकाशाचा बिंदू रेघेपेक्षाही बरा. समोरच्याला मोबाइल हनुवटीशी धरायला सांगा, त्याच्या स्क्रीनच्या कडेवर फोकस करा, मग मोबाइल बंद. अगदी मिट्ट काळोखात पेटलेल्या उदबत्तीचं टोक वापरा: पॅचमध्ये दोन लाल ठिपके दिसतात, ते एक झाले की झालं. मेणबत्तीच्या ज्योतीपेक्षा हे नेमकं, कारण ज्योत हलते आणि पसरते.

मापाने फोकस करण्यात कमीपणा मानू नका. ट्रायपॉडच्या स्क्रूला दोरा बांधा, फिल्मच्या पातळीपासून मोजून १, १.५ आणि २ मीटरला गाठी मारा, गाठ समोरच्याच्या डोळ्याशी नेऊन लेन्सवर तो आकडा लावा. पाच सेकंदांचं काम, आणि पॅचपेक्षा भरवशाचं. फक्त लेन्सवरचे आकडे खरे आहेत का, हे आधी दूधी काचेवर पडताळलेलं असावं. इंटिरियरवाले वापरतात तो लेझर मीटरही चालतो. त्याची मागची कड फिल्मच्या पातळीशी धरा आणि ठिपका छातीवर पाडा, चेहऱ्यावर कधीच नाही.

उलट्या बाजूने उजेड सोडायची कल्पना जुनी आहे. अमेरिकन प्रेस फोटोग्राफर स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यावर कॅलार्ट कंपनीचं फोकस्पॉट लावत: रेंजफाइंडरमधून दिव्याचे दोन झोत बाहेर पडत आणि समोरच्यावरचे दोन ठिपके एक झाले की फोकस लागलेला असे. हेच घरी करायचं तर आयपीसवर अरुंद झोताची छोटी एलईडी टॉर्च टेकवा. भिंतीवर दोन डाग दिसतात, रिंग फिरवली की एक सरकतो. पॅच जितका फिका तितका तो दुसरा डागही फिका, म्हणून आधी सफाई हवीच. दोन मीटरपर्यंत, काळोखात, ट्रायपॉडवर बसवलेल्या कॅमेऱ्याने वस्तूंचे फोटो काढताना हे जमतं. हातात धरून माणसांचे काढताना नाही, कारण टॉर्च लावलेली असताना चौकट बघता येत नाही. टॉर्चऐवजी लेझर पॉइंटर लावायचा मोह आवरा. समोर डोळे असतात.

आणि एवढं सगळं करूनही दर रोलमागे पाच-सहा फोटो हुकत असतील तर फिल्म पुश करा, म्हणजे जास्त आयएसओ धरून फोटो काढा आणि लॅबमध्ये डेव्हलपिंग वाढवून घ्या. एचपी ५ प्लस १६०० ला पुश केली की ४०० पेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट) हाती येतात. त्यातले दीड अॅपर्चरवर खर्च करून एफ १.७ वरून २.८ वर या: दीड मीटरवरची खोली ११ वरून १८ सेंमी होते. उरलेला अर्धा स्टॉप शटरला द्या. अडचण एकच, मीटरची. कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ चा आयएसओ ८०० ला संपतो आणि मॅन्युअलमध्ये त्याचा मीटर बंद असतो. इलेक्ट्रो जीएसएनचा १००० ला संपतो आणि त्याला शटर स्पीड हाताने देताच येत नाही. कॅनोनेटवर मोबाइलच्या मीटरने मोजून मॅन्युअल वापरा. इलेक्ट्रोवर १००० लावा आणि लॅबला तेवढंच पुश करायला सांगा.